न विचारता केलेली सही

सुचित्रा आली तेव्हा हे नहाणीघरात होते. सकाळी साडेसहाला आत गेलेला हा माणूस आठच्या आत बाहेर येत नाही, हे पाच वर्षांत मला पाठ झालं होतं. म्हणून मी तिला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि चहाचं आधण ठेवलं. मुलगी पंचविशीची, नुकतीच डॉक्टर झालेली. ज्या सान्याल डॉक्टरांनी ह्यांचं ऑपरेशन केलं, त्यांच्या हाताखाली ती काम करत होती.

"मासिमा, या महिन्यात पाच वर्षं झाली," ती बंगालीत म्हणाली. "डॉक्टरबाबू लेख लिहिताहेत. गुदाशयाचा कॅन्सर ज्यांचा अगदी लवकर सापडला, त्यातलं कोण जगलं, कोण नाही, आणि का. आमच्याकडे अशा त्रेचाळीस जणांची नोंद आहे. निमकरबाबू त्यातले एक."

तिने छापील कागद काढला आणि एकेक विचारत गेली. ऑपरेशनच्या वेळी वय? सत्तेचाळीस. रक्त पडायला लागल्यापासून किती महिन्यांनी डॉक्टरकडे आले? आठ. त्याआधी कोणतं औषध? मी म्हटलं, त्रिफळा, ताक आणि सुरणाची भाजी. तिने 'घरगुती' एवढंच लिहिलं. गाठ किती खोल होती, आजूबाजूच्या ग्रंथींत पसरली होती का, आधी रक्ताच्या किती बाटल्या दिल्या, हे सगळं तिच्याकडे होतंच. वजन वाढलं का, जखम भरायला किती दिवस लागले, घरी कोण बघतं, हे मी सांगितलं. घरी बघते मी. म्हणजे भांडी उकळते, कापूस आणते, पट्टे धुते. बाकी काही मला करू देत नाहीत.

"आणि मनःस्थिती?" तिने विचारलं. "बोलतात, हसतात?"

"बोलतात," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. कचेरीत बोलतात, भाजीवाल्याशी बोलतात, शेजारच्या घोषबाबूंशी तर तासभर. फक्त माझ्याशी पाच वर्षांत एक शब्द बोललेले नाहीत. पण तसा रकाना तिच्या कागदावर नव्हता, आणि असता तरी मी भरून दिला नसता.

गोष्ट आहे बावन्न सालची. हे कलकत्त्यात, गार्डन रीचला, रेल्वेच्या मुख्य कचेरीत, वेळापत्रकाच्या शाखेत. घर कचेरीपासून पाच मिनिटांवर. रक्त पडत होतं ते त्यांनी लपवलं. मला कळलं ते धोतर भिजवताना. विचारलं तर म्हणाले, मूळव्याध आहे, आमच्या घराण्यात सगळ्यांनाच असते. जणू काही घराण्याचा दागिना. मी आठवडाभर ऐकून घेतलं आणि मग त्यांना जवळजवळ ओढतच शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं.

तपासण्या झाल्या, तुकडा काढून पाहिला, आणि सान्याल डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. बंगाली मला चांगलं येतं, त्यामुळे समजलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. कॅन्सर आहे म्हणाले. पण लहान आहे, भिंतीच्या आतच आहे, आपण लवकर आलात. आत्ता कापून काढला तर अशा दहांतले आठ पाच वर्षं सहज काढतात, पुढेही काढतात. फक्त खालचा मार्ग कायमचा बंद करावा लागेल. पोटाच्या डाव्या बाजूला एक तोंड ठेवायचं. जन्मभर तिथूनच शौचाला होणार.

"त्यांना हे सांगायला हवं," डॉक्टर म्हणाले.

"सांगितलंत तर ते नाही म्हणतील."

"कशावरून?"

"चोवीस वर्षं संसार केलाय मी."

डॉक्टरांना काय सांगणार? हा माणूस रोज पहाटे अंघोळ करून, मुकटा नेसून दीड तास देवपूजा करायचा. तेवढ्या वेळात वैशालीचा, आमच्या मुलीचा, चुकून धक्का लागला तर पुन्हा अंघोळ. मराठी मंडळाच्या गणपतीची प्रतिष्ठा दरवर्षी ह्यांच्याच हातून, कारण त्यांच्याइतकं कडक सोवळं अख्ख्या कलकत्त्यातल्या मराठी माणसांत कोणाचं नव्हतं. मी लग्न होऊन आले तेव्हा नाकाने कांदे सोलणारा नवरा मिळाला म्हणून रडले होते. नंतर सवय झाली, आणि मग तो दीड तास घरात कापराचा वास आला नाही तर मलाच चुकल्यासारखं व्हायचं. अशा माणसाला पोटावर ते तोंड घेऊन जगशील का, असं विचारायचं? उत्तर मला माहीत होतं. उत्तर माहीत होतं म्हणूनच मी विचारलं नाही.

मी डॉक्टरांना म्हटलं, मूळव्याध खोल गेलीय, ऑपरेशन करावं लागेल, टेबलावर घेतल्यावर पुढचं ठरवू, एवढंच सांगा. डॉक्टर बराच वेळ पेन्सिलीशी चाळा करत राहिले. मग त्यांनी तेवढंच सांगितलं. मूळव्याधीच्या कागदावर ह्यांनी सही केली, आणि दुसऱ्या, खऱ्या कागदावर इस्पितळाच्या कचेरीत जाऊन मी केली. वृंदा शरच्चंद्र निमकर, इंग्रजीत, नीट वळणदार. अक्षर बिघडायला हवं होतं असं नंतर कितीदा तरी वाटलं.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी ह्यांचा हात पोटावर गेला. त्यांनी नर्सला विचारलं, हे काय आहे? नर्सने मला हाक मारली. मी पलंगाजवळ गेले आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, कारण आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. शेवटी म्हटलं, "सही मी केली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नंतर भिंतीकडे तोंड केलं.

तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद. आणि गंमत अशी की हे कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. आमच्या पिढीत नवरा-बायको चारचौघांत एकमेकांना हाक मारत नसत. 'जरा पाणी मिळेल का' असं नवऱ्याने हवेत विचारायचं आणि बायकोने पेला आणून ठेवायचा. ते तसंच चालू राहिलं. फरक एवढाच की पूर्वी दार लागल्यावर मला नावाने हाक मारत, अगं-तुगं करत, चिडवत. आता दार लागल्यावरही हवेतच. वैशाली होती तोवर निरोप तिच्यामार्फत. तिचं मराठी बेताचंच, बंगालीत वाढलेली पोर. "बाबा, आई इथेच तर बसलीय, तुम्हीच बोला ना," म्हणायची. गेल्या साली तिचं लग्न होऊन ती जमशेदपूरला गेली, तेव्हापासून हे कॅलेंडरशी बोलतात. 'उद्या लवकर जेवायला लागेल' असं कॅलेंडरला सांगतात आणि मी भात लवकर लावते.

देव त्यांनी घरी आल्यावर महिन्याभराने एका डब्यात नीट कापसात गुंडाळून धाकट्या भावाकडे, मनोहरभावजींकडे बालीगंजला पोचते केले. कोणी सांगितलं नव्हतं. पूर्वी पूजेला लागायचा तो दीड तास आता नहाणीघरात जातो. एनिमाचा डबा, रबराची नळी, कापूस, पट्टा. एकदाही मदतीला बोलावलं नाही. रागावलेला माणूस आदळआपट करतो, निदान ताट तरी ढकलतो. ह्यांनी त्यातलं काही केलं नाही. मी वाढलेलं जेवले, मी धुतलेलं नेसले, नेमाने तपासणीला गेले. मी पहिलं वर्ष रडले, दुसऱ्या वर्षी भांडायचे मनसुबे केले, तिसऱ्यापासून मला काही वाटेनासं झालं. खरंच काही वाटेनासं झालं.

एकच गोष्ट मनात शिल्लक होती. एकदा तरी ह्यांच्या तोंडून मला ऐकायचं होतं, जगलो ते बरं झालं की नाही. हो म्हणा, नाही म्हणा, पण म्हणा. मी सही करून हा माणूस मागून घेतला होता. त्याला तो जीव हवाय की नको, हे मला माहीत नव्हतं.

तर सुचित्राचा चहा झाला, आणि हे बाहेर आले. स्वच्छ, टापटीप, नेहमीसारखे. सुचित्रा उठून उभी राहिली. तिने त्यांना सांगितलं ते असं. इस्पितळात एक मराठी गृहस्थ आहेत, श्यामकांत पुराणिक, बँकेतले, नागपूरहून नुकतेच बदलून आलेले. वय अडतीस. ह्यांचाच आजार, ह्यांच्याइतकाच लवकर सापडलेला. ते ऑपरेशनला तयार नाहीत.

"त्रेचाळीसांतल्या नऊ जणांनी नाही म्हटलं होतं," ती म्हणाली. "नऊच्या नऊ तीन वर्षांच्या आत गेले. ऑपरेशन झालेल्या चौतिसांतले सव्वीस आज आहेत. डॉक्टरबाबू म्हणतात, गाठीची खोली मी मोजू शकतो, ग्रंथी मोजू शकतो, पण माणूस हो म्हणेल की नाही हे कशाने मोजू? तुम्ही त्यांच्याशी बोलाल का? तुमच्या भाषेत?"

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. हातात बशी होती. मला वाटलं, हे उठून आत जातील.

"येईन," हे म्हणाले. मग कॅलेंडरकडे बघून म्हणाले, "दोघं जाऊ. त्यांच्या घरचं माणूसही असेल."

बुधवारी दुपारी आम्ही गेलो. खिदिरपूरपर्यंत बस, पुढे ट्रामने एस्प्लनेड, तिथून चालत. हे पुढे, मी चार पावलं मागे. पुराणिकांची बायको आम्हाला कॅबिनच्या बाहेरच भेटली. शकुन तिचं नाव. तिशी-बत्तिशीची, सुटलेल्या अंबाड्याची, चार दिवस झोप न झालेली. तिने आधी आम्हा दोघांना वाकून नमस्कार केला आणि मग आवाज खाली आणला.

"काका, त्यांना कॅन्सर म्हणून माहीत नाही. मूळव्याध आहे असंच सांगितलंय. ते म्हणतात, मूळव्याधीला कशाला चिरफाड, नागपूरला आमचे वैद्य आहेत. तुम्ही फक्त एवढंच सांगा, मलाही मूळव्याधच होती, ऑपरेशन केलं, आता ठणठणीत आहे. तुम्हाला बघून ते तयार होतील. एकदा टेबलावर गेले की पुढचं मी बघते. सही मी करणार आहे."

तिला कोणी शिकवलं नव्हतं. आमची ओळखही नव्हती. तरी शब्द न शब्द माझाच. मी तिच्या दंडावर हात ठेवला, आणि मला तिचं सगळं सगळं पटत होतं. ह्यांच्याकडे बघायचं धैर्य मात्र झालं नाही.

हे दार लोटून आत गेले. आम्ही मागोमाग गेलो.

पुराणिक उशीला टेकून बसले होते. हसतमुख, गोरटेले, जानवं बनियनच्या वर आलेलं. ह्यांनी स्टूल ओढलं आणि नेहमीसारखे जरा तिरके बसले.

"मी निमकर. रेल्वेत असतो. तुम्हाला मूळव्याध नाही, कॅन्सर आहे."

शकुन माझ्या शेजारीच होती. ती मटकन खुर्चीवर बसली. पुराणिकांनी ह्यांच्याकडे नाही, तिच्याकडे पाहिलं. ती तोंडावर पदर धरून होती, त्यात त्यांना काय ते कळलं.

पुढचं सगळं हे वेळापत्रक सांगावं तसं सांगत गेले. गाठ लहान आहे. लवकर सापडली आहे. काढली तर दहांतले आठ जगतात, नाही काढली तर कोणी जगत नाही. खालचा मार्ग बंद होईल. इथे, डाव्या बाजूला, तोंड असेल. रोज सकाळी दीड तास लागतो. कोबी, वाटाणे, डाळी जपून खायच्या. बाकीचा दिवस मोकळा. मग त्यांनी सदऱ्याची बटणं काढली, पट्टा सोडला, आणि कापूस बाजूला केला. मला कधीच दिसू न दिलेलं त्यांनी त्या परक्या माणसाला दाखवलं. लालसर, ओलसर, रुपयाएवढं. एवढंसंच होतं. मी पाच वर्षं उगाचच काहीतरी भलंमोठं मनात धरून होते.

पुराणिकांनी नजर काढून घेतली नाही. मग विचारलं, "पूजाअर्चा?"

"मी सोडली. सोडायला कोणी सांगितलं नव्हतं."

"तुम्ही लगेच तयार झालात ऑपरेशनला?"

"मला विचारलंच नव्हतं. मूळव्याध म्हणून नेलं. खरी सही हिने केली." हिने. माझ्याकडे न बघता, पण हिने.

"आणि विचारलं असतं तर?"

हे पट्टा बांधत होते. गाठ मारून झाली, मग म्हणाले, "नाही म्हणालो असतो."

माझं बरोबर होतं, हे मला पाच वर्षांनी कळलं, तेही असं. बरं वाटलं का? नाही. नुसती उभी राहिले.

"मग मी काय करू म्हणता?" पुराणिकांनी विचारलं.

"ते मी सांगणार नाही. माझ्याबाबतीत दुसऱ्यांनी ठरवलं. तुमचं तुम्ही ठरवा. उद्या दुपारपर्यंत डॉक्टरांना सांगायचं आहे, शुक्रवारी टेबल राखून ठेवलंय."

परत येताना ट्राममध्ये शेजारी शेजारी जागा मिळाली. मैदान लागलं तेव्हा हे खिडकीला म्हणाले, "शिकलेला माणूस आहे. हो म्हणेल." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "विचारलं की माणूस हो म्हणतो." नुकतंच उलटं बोलून आलात की, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मूग गिळून बसायची सवय एका दिवसात जात नाही. त्यांच्या चेहऱ्यावर किती वर्षांनी तजेला दिसत होता, आणि मला तो बघवत नव्हता. पाच वर्षं ते हेच घोकत होते तर. आपल्याला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर काय झालं असतं याचा हिशेबच त्यात नव्हता.

गुरुवारी त्यांनी आपणहून रजा टाकली. अकराच्या आत आम्ही इस्पितळात होतो. कॅबिनचं दार उघडं होतं आणि शकुन गुडघे टेकून होल्डॉलचे पट्टे आवळत होती. पुराणिक कोट घालून पलंगाच्या कडेला बसले होते. त्यांनी उठून ह्यांना नमस्कार केला.

"आज संध्याकाळच्या मेलने निघतोय. तुम्ही याल असं वाटलंच होतं."

"कुठे?"

"नागपूर. आई आहे, घर आहे. वैद्यांचं औषध घेतो. जेवढं आहे तेवढं नीट जगतो."

"अहो, पण औषधाने ही गाठ जात नाही," हे म्हणाले. "काल मी सांगितलं ना. दहांतले आठ."

"सांगितलंत. खरं ते सांगितलंत, त्याचे उपकार आहेत. आमच्या घरातल्या माणसांनी सांगितलं नाही ते तुम्ही सांगितलं." शकुनचे हात पट्ट्यावर थांबले. "रात्रभर विचार केला. तुम्ही म्हणालात, विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो. मला तुम्ही विचारलंत. मी नाही म्हणतो."

"ते मी तेव्हाचं सांगितलं. पाच वर्षांपूर्वीचं."

"आणि आज?"

ह्यांचं बोलणं सुरू झालं ते थांबेचना. सकाळी नदीच्या काठाने चालायला जातो म्हणाले. जहाजं लागतात ती बघतो. कचेरीत नवं वेळापत्रक माझ्या हातचं आहे. घोषबाबूंबरोबर बुद्धिबळ खेळतो, दर रविवारी हरतो. मुलीला दिवस गेलेत, माघात बाळंतपणाला येणार, नाव काय ठेवायचं ते मी योजून ठेवलंय. जेवण चवीचं लागतं. झोप लागते. मी भिंतीला टेकून ऐकत होते. नावाचं तर मला ठाऊकच नव्हतं. मला हवं होतं ते सगळंच्या सगळं हा माणूस बोलत होता, दुसऱ्याच कोणाला तरी.

पुराणिकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "काल हे बोलला नाहीत," ते म्हणाले. "काल पट्टा सोडून दाखवलात. माझ्या डोळ्यांपुढून ते जात नाही. रागावू नका. मला तसं जगता येणार नाही."

सान्याल डॉक्टर येऊन गेले. इंग्रजीत बोलले, हात जोडले, चिडलेही. पुराणिक अदबीने नाहीच म्हणत राहिले. शुद्धीवरच्या माणसाला त्याच्या मनाविरुद्ध टेबलावर घेता येत नाही, असं डॉक्टर सुचित्राला म्हणाले आणि गेले. सुचित्राने कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल ते मला वाचायची गरज नव्हती.

शकुन टांग्याचं बघायला म्हणून बाहेर आली. हे तिच्या मागून जवळजवळ धावतच आले. चालताना कधी घाई न करणारा माणूस. कॉरिडॉरमध्ये तिला गाठून म्हणाले, "तुम्ही सही करा."

ती जिन्याच्या तोंडाशी थांबली.

"मी सांगतो, तुम्ही सही करा. त्यांना म्हणा, तपासणी राहिलीय, दुसरा तुकडा काढायचाय, काहीही म्हणा. झोपेचं औषध देतील. मी डॉक्टरांशी बोलतो. नंतर रागावतील, बोलणार नाहीत, पण असतील. शकुनताई, असतील ते."

"आता?" शकुन म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "काल दुपारपर्यंत त्यांना काही माहीत नव्हतं. मी सगळं जुळवून आणलं होतं. डॉक्टर तयार होते, मी तयार होते. तुम्हाला एक वाक्य बोलायचं होतं, काका. आता ते पाण्याचा पेला दिला तरी माझ्याकडे संशयाने बघतात. तपासणीला सुद्धा झोपणार नाहीत."

ती जिना उतरून गेली. हे तिथेच उभे राहिले, हात लोंबकळत. चेहरा असा कोरा की मला वाटलं ह्यांना घेरी येतेय, म्हणून मी पुढे झाले. त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट, दुखेल इतकं.

"वृंदा," ते म्हणाले, "तू काहीतरी कर."

पाच वर्षांनी माझ्या नवऱ्याने मला नावाने हाक मारली. मला आनंद व्हायला हवा होता, निदान रडू तरी यायला हवं होतं. आतून पुराणिकांचा आवाज येत होता, ते वॉर्डबॉयला होल्डॉल उचलायला सांगत होते. मी ह्यांना म्हटलं, "आता माझ्या हातात काही नाही हो."